आधी अंगाला, मग आरशाला

सायकल आधी आत घे. जिन्यात नको ठेवूस, आमच्या सोसायटीत जिन्यातल्या वस्तूंना पाय फुटतात. भिंतीला टेकव, पण चेनची बाजू बाहेर राहू दे, नाहीतर मागचा गिअर भिंतीवर दाबून वाकेल आणि उद्या घाटात रडशील. हां, अशी. आता बस. चहा टाकलाय.

काल रात्री तू पाठवलेली खरेदीची यादी मी दोनदा वाचली. पिस्ता रंगाची जर्सी, त्याच रंगाचे मोजे, पांढरेशुभ्र बूट, आरशासारखा चमकणारा गॉगल आणि हँडलला गुंडाळायची टेप, तीही पिस्ताच. बेरीज तुझ्या अर्ध्या पगाराएवढी. आणि खाली भाबडा प्रश्न, "ताई, काही राहिलं का गं?"

राहिलंय. पंक्चर काढायचं सामान राहिलंय, पाण्याची दुसरी बाटली राहिलीय आणि मुख्य म्हणजे सायकलवर बसायची चड्डी राहिलीय. पण लगेच तोंड पाडू नकोस. नटण्यावरून तुला बोलायचा अधिकार आपल्या घरात कुणालाही असेल, मला नाही. माझी कहाणी ऐक, मग तुझी यादी काढू.

मीही असेच पांढरे बूट घेतले होते. पेडलला खालून खट्‌कन अडकणारे. पाय सोडवायचा तर टाच बाहेरच्या बाजूला फिरवावी लागते, हे दुकानात दहा वेळा करून पाहिलं होतं. पहिल्याच दिवशी सिग्नलला लाल दिवा लागला, मी झोकात सायकल थांबवली, आणि टाच फिरवायची असते हे आठवेपर्यंत सायकलीसकट आडवी झाले. शेजारच्या रिक्षातून चालक शांतपणे म्हणाला, "ताई, सायकल थांबली की पाय खाली टेकवायचा असतो." माणूस वेगात कमी पडतो आणि थांबल्यावर जास्त पडतो, हे मला त्या दिवशी कळलं. पुढं जुलैत त्याच बुटांनी ताम्हिणी घाटात गेले. ताम्हिणीचा पाऊस तुला ठाऊक आहे, तो वरून पडतो, बाजूनं येतो आणि ट्रकच्या चाकाखालून उलटाही उडतो. बूट घरी आले ते गेरूत बुडवल्यासारखे. तुझ्या मावशीनं सोड्यात भिजवले, ब्रशनं घासले, उन्हात ठेवले. आजही ते चहाच्या जुन्या गाळणीच्या रंगाचे आहेत. त्याच दुपारी मला नीट बसता येत नव्हतं, कारण बुटांवर पैसे उडवल्यावर चड्डी घेतली होती ती फुटपाथवरची.

तेव्हापासून माझा एक नियम आहे. आधी अंगाला, मग आरशाला. जे अंगाला लागतं त्याला आधी पैसा, जे आरशात दिसतं त्याला उरलेला. नटू नकोस असं मी म्हणत नाही. रांगेत उभं राहा, एवढंच.

हे बघ, सायकलला तुझं शरीर तीनच ठिकाणी टेकतं. बूड, हात आणि पाय. शंभर किलोमीटरच्या दिवसात तू चार-पाच तास या तीन जागांवर जगणार आहेस. म्हणून पहिली खरेदी बिब शॉर्ट्स. खांद्यावरून पट्टे जातात ती. कमरेला इलॅस्टिक नसल्यामुळे वाकल्यावर पोटात रुतत नाही. आतलं पॅडिंग बायकांसाठी वेगळ्या आकाराचं असतं, तेच घे. दुकानदार "युनिसेक्स आहे मॅडम" म्हणाला तर हसून पुढच्या दुकानात जा. आणि आता कान इकडे कर, दादा आत आहे. त्या शॉर्ट्सच्या आत दुसरी चड्डी घालायची नाही. मला हे कुणी सांगितलंच नव्हतं. पहिले चार महिने मी घालत होते, आणि शिवणीच्या रेघा अंगावर उमटवून घेत होते. पॅडिंग थेट कातडीला लागायला हवं. घासतं तिथं आधी व्हॅसलीन लाव. घरी आलीस की गप्पा मारत बसू नकोस, पहिली ती चड्डी उतरवायची, अंघोळ करायची, चड्डी धुऊन उलटी करून वाळत घालायची. घामट चड्डीत तासभर लोळलीस तर पुढचा आठवडा उभ्यानं जेवशील. पट्ट्यांचा एकच ताप, वाटेत लघवीला जायचं तर वरची जर्सी काढावी लागते. म्हणून मी मागून पट्टा सुटणारी घेते. आणि कोणत्या वाटेवर कोणत्या हॉटेलातलं बाथरूम स्वच्छ आहे, याची माझी स्वतःची यादी आहे. ती यादी कुठल्याही नकाशापेक्षा मोलाची आहे, निघताना लिहून घे.

पाळीच्या दिवसांचं विचारणार होतीस ना? मघापासून तोंडावर दिसतंय. जमेल तर चालव, नको वाटलं तर झोप. कुणालाही काही सिद्ध करून दाखवायचं नाहीये. मी कप वापरायला लागल्यापासून मला सोपं गेलं, पण तो पहिल्यांदा घाटात वापरून बघायचा नाही, घरी दोन-तीन महिने सवय कर.

आता सीट. सगळे तुला सांगतील, वर जेलचं मऊ कव्हर टाक. टाकू नकोस. मऊ गादीत हाडं रुततात आणि बाजूचा नाजूक भाग दाबला जातो. दहा किलोमीटरला सुख, पन्नासला मुंग्या. आपण बसतो ते दोन हाडांवर, आणि बायकांमध्ये त्या दोन हाडांतलं अंतर बहुधा जास्त असतं. घरच्या घरी मोजता येतं. खोक्याचा नळीदार पुठ्ठा घे, कडक स्टुलावर ठेव, त्यावर बसून गुडघे थोडे वर घे. उठलीस की दोन खळगे दिसतील. त्यांच्या मधोमध ते मधोमध अंतर मोज आणि तो आकडा घेऊन दुकानात जा. मी हे केलं तेव्हा घरात सगळे हसले होते. पण त्या पुठ्ठ्यानं मला जे सांगितलं ते दोन वर्षांत एकाही तज्ज्ञानं सांगितलं नव्हतं.

उंची अशी लाव. पेडल अगदी खाली, त्यावर टाच, गुडघा सरळ. मग पायाचा चवडा पेडलवर आणलास की गुडघ्याला थोडा बाक राहतो, तेवढाच हवा. गुडघा पुढून दुखला तर सीट खाली आहे, मागून दुखला तर वर आहे, असा साधारण ठोकताळा. अर्धा सेंटीमीटर हलवायचं, चार दिवस चालवायचं, मग पुढचा अर्धा. तळवे बधिर होत असतील तर हँडल लांब पडतंय. पुढचा स्टेम बदलून आखूड घेता येतो. तुझी सायकल मोठ्या मापाची आहे असं मला आत्ताच दिसतंय, पण ते नंतर बोलू, आज तुझा आनंद नासवत नाही.

आणि हवा. ग्रुपमधले पुरुष टायर दगडासारखा करून येतात. त्यांचं वजन ऐंशी, तुझं पंचावन्न. मी २८ मिलिमीटरच्या टायरमध्ये ७० पीएसआयच्या आसपास ठेवते. आपल्या रस्त्यांवर जास्त हवा म्हणजे जास्त वेग नव्हे, नुसते दात वाजतात.

इतकं झालं की मग आरसा. मग खुशाल पिस्ता घे! तुला म्हणून सांगते, पहाटे पावणेपाचला गजर होतो तेव्हा मला तब्येत आठवत नाही, कॅलरी आठवत नाहीत. खुर्चीवर घडी करून ठेवलेली ती गर्द जांभळी जर्सी आठवते. ती घालायची म्हणून मी उठते. नटण्यानं जर अंथरूण सुटत असेल तर नटणं हाच व्यायामाचा पहिला भाग समज.

शिवाय नटणं या खेळाच्या रक्तातच आहे. टूर द फ्रान्समध्ये आघाडीवर असलेला पिवळी जर्सी घालतो ना, ती १९१९ साली आली. शर्यत भरवायचं 'लोटो' नावाचं वर्तमानपत्र, आणि ते छापलं जायचं पिवळ्या कागदावर. इटलीच्या शर्यतीची गुलाबी जर्सी १९३१ पासूनची, कारण तिकडच्या 'गझेता'चा कागद गुलाबी. म्हणजे ज्या रंगासाठी माणसं आल्प्समध्ये जीव टाकतात तो मुळात पेपरवाल्याची जाहिरात. टूरमधल्या घाटाच्या राजाची पांढऱ्यावर लाल ठिपक्यांची जर्सी १९७५ ची. आपल्याकडंही मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट पहिला चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. त्याला ठिपके नसतात, पण खोपोलीच्या पुढची ती चढण ज्यानं पाहिलीय त्याला तो मान कळतो. आणि मोज्यांची गंमत ऐक. आंतरराष्ट्रीय शर्यतींत मोजा किती उंच असावा याचा नियम आहे, घोटा आणि गुडघा यांच्या मध्याच्या वर जाता कामा नये. अधिकारी मोजपट्टी घेऊन मोजतात. तेव्हा तुझ्या मोज्यांच्या चिंतेला मी हसणार नाही. फक्त जर्सी घेताना मागचे तीन खिसे बघ. केळं, फोन, पैसे, मावतात का? वाकल्यावर कंबर उघडी पडत नाही ना? चेन अर्ध्यात अडकत नाही ना? मग रंग बघ.

चहा घे. पोहे आणते.

तर आता रस्ते. मी तुझा मागच्या रविवारचा पराक्रम ऐकलाय. चौथ्याच फेरीला सिंहगड. का? तर ऑफिसमधल्या मुलांनी केला म्हणून. ही आरशाचीच जात. रस्तासुद्धा आधी अंगाला बसतोय का बघायचा असतो.

मी सांगते तशी ये. पहिले दोन महिने सपाट. मग जुना कात्रज घाट, पहाटे, बोगद्यापर्यंत जायचं आणि परत. नवीन हायवेवर जायचं नाही. तो अंगवळणी पडला की सासवडची फेरी, कोंढव्याकडून बोपदेव घाट चढायचा, सासवडला खायचं आणि दिवे घाटानं हडपसरला उतरायचं. पुण्यातल्या सायकलवाल्यांची ही शाळाच. दिवे घाट आषाढी वारीत ज्ञानोबांची पालखी चढते तो. पालखीच्या दिवसांत तिकडे सायकल घालायची नाही, त्या दिवशी तो घाट वारकऱ्यांचा. एरवी उतरताना मात्र मला नेहमी ते आठवतं. आपण गिअर, ब्रेक, हेल्मेट घेऊन खाली येतो, आणि डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या बायका तो चढून जातात.

चढताना एकच चूक सगळे करतात. पाय जड झाल्यावर गिअर हलका करतात. तोवर उशीर झालेला असतो, चेन करकरते, कधी उतरते. चढ डोळ्याला दिसला की गिअर हलका कर, पायाला कळायची वाट बघू नकोस. तुझ्या पुढच्या लहान चक्रीला ३४ दात आहेत, मागची मोठी ३२ ची. एवढ्यात तू पुण्याच्या आसपासचा बहुतेक कुठलाही घाट बसून चढशील. श्वासाचं माप असं, शेजारणीशी एक अख्खं वाक्य बोलता आलं पाहिजे. शब्द तुटायला लागले की तू स्वतःच्या नाही, दुसऱ्याच्या वेगानं चढते आहेस.

उतारावर हात हँडलच्या खालच्या बाकात. वळणाच्या आत ब्रेक दाबायचा नाही, वळणाआधी वेग उतरवून घ्यायचा. मान वळवून जिथं जायचंय तिथं बघ. खड्ड्याकडे बघशील तर खड्ड्यातच जाशील, सायकल नजरेमागं जाते. पावसाळ्यात पहिल्या सरीचा रस्ता सर्वांत वाईट, वर्षभराचं ऑईल वर येतं. त्या दिवशी घरी बस, भजी तळ.

माझा पहिला सिंहगड सांगू? पायथ्यापासून नऊ किलोमीटरच्या आसपास रस्ता आणि सहाशे मीटरच्या जवळपास चढ. अर्ध्यावर मी उतरले. अडकणाऱ्या बुटांनी डांबरावर टकटक करत, घसरत सायकल ढकलत होते. तेवढ्यात मागून एक मावशी आल्या. डोक्यावर पाटी, पाटीत दह्याची मडकी, पायात साध्या चपला. माझ्या बरोबरीनं चार पावलं चालल्या, सायकलीकडं नीट बघितलं आणि म्हणाल्या, "ढकलायलाच आणली व्हय?" आणि पुढं निघून गेल्या. वर गेल्यावर मी त्यांच्याकडूनच दही घेतलं. त्यांनी वर चिमूटभर जास्त साखर घातली आणि हसल्या. त्या दिवसानंतर घाटात उतरून चालायची मला कधी लाज वाटली नाही. तुलाही वाटू देऊ नकोस.

खाण्याचं मात्र ऐकायचंच. मी एकदा नुसती कॉफी पिऊन सासवडला निघाले होते. बोपदेवच्या माथ्यावर डोळ्यांपुढं काजवे, हात थरथर, आणि कारण नसताना रडू. याला सायकलवाले बोंक म्हणतात. अंगातली साखर संपलेली असते आणि मन कारणं शोधत बसतं. मला तेव्हा वाटलं होतं माझं लग्न चुकलंय. चिक्कीचे दोन तुकडे खाल्ले आणि दहा मिनिटांत संसार रुळावर आला. तेव्हापासून दर अर्ध्या तासाला घड्याळ बघून काहीतरी तोंडात. भूक लागायच्या आधी. केळं, खजूर, राजगिऱ्याचा लाडू, गुळाची पोळी चौकोनी कापून फॉइलमध्ये. एका बाटलीत साधं पाणी, दुसरीत मीठ-साखर-लिंबू. परदेशी जेलची पाकिटं महाग असतात आणि उन्हात ती गरम काकवीसारखी लागतात. तुला आवडली तर घे, पण लाडवाला कमी लेखू नकोस.

आता शर्यती. तू म्हणालीस, "ताई, मला सहा महिन्यांत पुणे-गोवा करायचंय." डेक्कन क्लिफहँगर म्हणजे साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास. त्यातून अमेरिकेतल्या 'रॅम'ला पात्र होता येतं. पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत अमेरिका पार करायची, साधारण ४८०० किलोमीटर. नाशिकच्या डॉ. महेंद्र आणि डॉ. हितेंद्र महाजन या भावांनी दोघांची टीम म्हणून २०१५ साली ती पूर्ण केली. २०१७ साली श्रीनिवास गोकुलनाथ आणि आपल्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी एकेकट्यानं केली, तीही बारा दिवसांच्या मुदतीत. आणि आपल्या पुण्याची वेदांगी कुलकर्णी! २०१८ साली, विशीत, एकटी जगाला वळसा घालून आली, १५९ दिवसांत सुमारे २९,००० किलोमीटर. यांची नावं भिंतीवर लाव. पण सहा महिन्यांचा हिशेब यांच्यावरून मांडू नकोस.

तुला मी ब्रेव्हेनं सुरुवात करायला सांगते. बीआरएम म्हणतात ती. ही शर्यत नाहीच. पॅरिसच्या एका जुन्या क्लबच्या नियमांनी जगभर चालते, पुण्यातही चालते. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला वीस, ४०० ला सत्तावीस, ६०० ला चाळीस. एका हंगामात चारही केलेस तर सुपर रँडोनिअर. हातात एक कार्ड देतात, वाटेत ठरलेल्या ठिकाणी शिक्का किंवा बिल घ्यायचं आणि मुदतीत परत यायचं. पहिला कोण, शेवटचा कोण, काही नाही. आठ तासांत आलेल्याला जे मिळतं तेच तेरा तासांत आलेल्याला. मी पहिली २०० तेरा तास पाच मिनिटांत केली. पंचवीस मिनिटं उरली होती, त्यात मी मिसळ खाल्ली. यातूनच पुढं पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसचा रस्ता आहे. १८९१ साली पहिल्यांदा झालेली, आता चार वर्षांनी एकदा, १२०० किलोमीटर नव्वद तासांत. २०२३ ला झाली, पुढची २०२७ ला. बघ, स्वप्न बघायला मी नाही म्हणत नाही, जिन्याची एकेक पायरी दाखवते आहे.

आणि माझी ३०० फसली ते सांगते, कारण तू तेच करणार आहेस. त्या दिवशी खास म्हणून मी नवीकोरी शॉर्ट्स काढली. महागाची, सुंदर, पहिल्यांदाच घातलेली. दोनशे दहाव्या किलोमीटरला मांडी अशी सोलवटली की पेडल फिरवताना डोळ्यांतून पाणी. एका बंद दुकानाच्या फळीवर बसले आणि दादाला फोन केला, गाडी घेऊन ये. पाय शाबूत होते, दम होता, पाच तास हातात होते. हरले ते चड्डीमुळे. नवीन वस्तू स्पर्धेच्या दिवशी कधीच नाही. बूट नाही, सीट नाही, खाणंसुद्धा नाही.

तुला शर्यतीतली माझी आवडती बाई सांगते आणि मग पोहे संपवू. बेरिल बर्टन. इंग्लंडमधल्या यॉर्कशायरची, शेतावर राबणारी, आयुष्यभर हौशी खेळाडू. १९६७ साली बारा तासांची स्पर्धा होती, बारा तासांत कोण किती अंतर कापतं याची. बायका मागून निघाल्या होत्या. बेरिल एकेका पुरुषाला मागं टाकत शेवटी माइक मॅकनमारापर्यंत पोचली. तो त्या दिवशी पुरुषांचा नवा विक्रम करत होता बरं का. त्याच्या शेजारून जाताना तिनं खिशातून ज्येष्ठमधाची गोळी काढून त्याला दिली, आणि पुढं गेली. त्यानं ती खाल्ली. दिवसाअखेर तिचे झाले २७७.२५ मैल, म्हणजे ४४६ किलोमीटर. त्याच्याहून जास्त. दोन वर्षं बाईचा विक्रम पुरुषांच्या विक्रमाच्या वर होता, आणि बायकांमधला तो मोडायला २०१७ उजाडलं, पन्नास वर्षं! मला त्यातली गोळी आवडते. बाराव्या तासाकडे चाललेल्या बाईच्या खिशात दुसऱ्याला द्यायला काहीतरी होतं. एवढं बळ अंगात शिल्लक ठेवून चालवता आलं पाहिजे.

आता शेवटचं. हे मी कुणाला सांगत नाही.

पहिल्या वर्षी मी त्या घट्ट शॉर्ट्सवर सलवार घालून घरातून निघायचे. पहिल्या पुलाच्या पुढं गेलं की अंधारात सलवार काढायची, गुंडाळी करून पाठीच्या खिशात. येताना परत चढवायची. पेपरवाला मुलगा एकदा बघून हसला, तेव्हा मी घामाघूम झाले होते. आईला काय वाटेल, शेजारी काय म्हणतील. एका दिवशी सलवार खिशात विसरले आणि तशीच दारात उभी राहिले. आईनं वरून खालपर्यंत बघितलं. मी भाषण तयार ठेवलं होतं, वाऱ्याचा विरोध, घर्षण, सगळं. ती म्हणाली, "पाठ कर इकडे." मी पाठ केली. म्हणाली, "हे एवढं काळंनिळं घालून अंधारात जातेस? ट्रकवाल्याला दिसतेस तरी का तू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी ती जांभळी जर्सी खुर्चीवर नव्हती. तुझ्या मावशीनं रात्री बसून तिच्या पाठीवर, तिन्ही खिशांच्या वरून, रेडियमची रुंद पट्टी शिवली होती. हातशिलाई, मोठे टाके, डावीकडं थोडी वर गेलेली. आयुष्यातली पहिली महागडी जर्सी, आणि त्यावर रस्त्याच्या कामगारांच्या जाकिटासारखी वाकडी पट्टी. मला रडावं की ओरडावं कळेना. घालून गेले. बोपदेवच्या खाली माझ्या मागं असलेला एक सायकलवाला वर आल्यावर म्हणाला, "अर्धा किलोमीटर मागून तुमची ती पट्टी दिसत होती. तिच्या मागं मागं आलो." पुढं ब्रेव्हेला गेले तेव्हा कळलं, रात्री तसलं चकाकणारं जाकीट आणि मागं लाल दिवा लागतोच, त्याशिवाय सुरुवातच करू देत नाहीत. आईनं नियमावली वाचलेली नव्हती.

माझ्या नियमात ही पट्टी कुठंच बसत नाही. ती अंगाला लागत नाही आणि आरशात मला दिसतही नाही. ती मागून येणाऱ्यासाठी आहे.

तुझ्या यादीत हीच नाहीये. आई आत देवपूजा करतेय, होईल पाच मिनिटांत. तिच्या शिवणाच्या डब्यात ते रीळ अजून अर्धं आहे. तुझी पिस्ता जर्सी आली की पहिली इकडे घेऊन ये. आणि पट्टी वाकडी शिवली गेली तर तोंडातून अवाक्षर काढायचं नाही.